पॉइंटवाली हॉलिडे मेंबरशिप की स्वतःचं बुकिंग? सोलापूरकरांनी सही करण्याआधी करायची तुलना

‘तुमचा नंबर लकी ड्रॉमध्ये लागलाय’ असा फोन येतो. गिफ्ट घ्यायला नवरा-बायको दोघांनी यायचं अशी अट असते. मग हॉटेलातलं जेवण, आणि त्याआधी दोन-तीन तास चालणारं प्रेझेंटेशन. हॉलिडे मेंबरशिप, म्हणजे आधी पैसे भरून पुढची कित्येक वर्षं रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क, विकायची ही पद्धत गेली कित्येक वर्षं बदललेली नाही. विकायची वस्तू मात्र बदलली. आधी ‘दरवर्षी एक आठवडा’ विकायचे, आता बऱ्याच ठिकाणी ‘पॉइंट’ विकतात. फॉर्म हातात आहे आणि ‘हा डिस्काउंट आजच्यापुरताच’ असं सांगितलं गेलंय, अशा घरासाठी ही तुलना आहे. डिस्काउंटचं सोडून द्या. आज मिळतो तो पुढच्या महिन्यातही मिळतो, बहुतेक वेळा थोडा जास्तच.

तुमच्यापुढे रस्ते चार आहेत: पॉइंटची मेंबरशिप, जुन्या धाटणीची आठवड्याची मेंबरशिप, दुसऱ्या कुणाची चालू मेंबरशिप नावावर करून घेणं, आणि काहीच न घेता दरवर्षी आपलं आपण बुकिंग करणं.

आठवडा आणि पॉइंट

आठवड्याच्या पद्धतीत तुमचा हंगाम आणि खोलीचा आकार खरेदीच्या वेळीच ठरतो. क्लब महिंद्राच्या २५ वर्षांच्या मेंबरशिपमुळे आपल्याकडे ही पद्धत बहुतेकांना ऐकून माहीत आहे. जांभळा, लाल, पांढरा, निळा असे हंगामाचे रंग, त्यात जांभळा सगळ्यात महाग, आणि वर्षाला सात रात्री. निळा घेतला असेल तर मे महिन्यातली खोली आपल्या हक्काची नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं. बंधन आहे, पण डोळ्यांसमोर आहे.

पॉइंटमध्ये रंग नसतो, दरपत्रक असतं. वर्षाला ठरावीक पॉइंट खात्यात येतात आणि प्रत्येक रात्रीचा भाव निराळा: कोणतं रिसॉर्ट, केवढी खोली, कोणता महिना, शनिवार की मंगळवार. समजा तुम्हाला वर्षाला १,००० पॉइंट मिळाले. ऑगस्टमधल्या मंगळवारी एका साध्या खोलीला ६० पॉइंट लागतात आणि त्याच खोलीला मे महिन्यातल्या शनिवारी २२०. म्हणजे पावसाळ्यात सोळा रात्री, उन्हाळ्यात चार. दोन्ही आकडे खरेच. प्रेझेंटेशनमध्ये पहिला सांगतात, गरज पडते दुसऱ्याची.

पॉइंटच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. सात रात्री सलग घ्याव्या लागत नाहीत. यंदा दोघांसाठी छोटी खोली, पुढच्या वर्षी आई-वडील बरोबर असतील तर मोठी, असं करता येतं. उरलेले पॉइंट पुढच्या वर्षी नेता येतात, काही ठिकाणी पुढच्या वर्षीचे आधी वापरता येतात. मात्र पुढे नेलेल्या पॉइंटना मुदत असते. किती वर्षं, त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो का, वेगळं शुल्क आहे का, हे करारात शोधा. मुदत संपली की पॉइंट गेले, आणि त्या वर्षाचं मेंटेनन्स, म्हणजे कंपनीला दरवर्षी द्यायचं देखभाल शुल्क, भरलेलं असतं ते परत येत नाही.

खरी मेख दरपत्रकातच आहे. तुमचे १,००० पॉइंट करारात पक्के असतात. पण एका रात्रीला किती पॉइंट लागतील हे ठरवायचा अधिकार बहुतेक करारांत कंपनीकडे राहतो. आज २२० ची रात्र पाच वर्षांनी २८० ची झाली तर तुमचं काही काढून घेतलं असं म्हणता येणार नाही, फक्त रात्री चारावरून तीनावर येतील. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही: ‘दरपत्रक कराराला जोडलेलं आहे का, आणि ते बदलायला काही मर्यादा आहे का?’

सोलापूरचं कॅलेंडर

या मेंबरशिपचं गणित पुण्या-मुंबईच्या घराला जसं जमतं तसं आपल्याला जमत नाही, आणि याचं कारण अंतर आहे. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पुणेकर रात्रीच्या जेवणाला लोणावळ्यात असतो. सोलापूरहून पुणंच अडीचशे किलोमीटर. महाबळेश्वरला जायचं म्हणजे अख्खा दिवस प्रवासातच धरायचा. गोव्याचं विमान २०२५ मध्ये सुरू झालं ही सोय झाली, पण चौघांची तिकिटं काढून दोन रात्रींसाठी जाणारी घरं किती? ‘पॉइंट तोडून तोडून वापरा, वर्षात चार छोट्या ट्रिप करा’ हा पॉइंटचा सगळ्यात मोठा फायदा. आपण तो पैसे देऊन घेतो आणि वापरत मात्र नाही.

दुसरी गोष्ट तारखांची. मुलं शाळेत असतील तर मोकळे दिवस दोनच, दिवाळी आणि मे. यंत्रमागाचा किंवा टॉवेलचा कारखाना असेल तर दिवाळीची सुट्टी सोडून बाहेर पडणं अवघड. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा पाहुणे आपल्याकडे येतात, आपण कुठे जात नाही. आषाढीला घरातलं कुणी ना कुणी पंढरपूरच्या वाटेवर. वर्षातून एक फेरी तिरुपतीची किंवा गाणगापूरची असते, आणि तिथे रिसॉर्ट कुणी शोधत नाही. एवढं वजा केल्यावर उरतात दिवाळी आणि मे, म्हणजे ज्या रात्रींना सगळ्यात जास्त पॉइंट लागतात आणि ज्यांचं बुकिंग आधीच भरून जातं तो काळ. सोलापुरात पारा बेचाळिशीच्या पुढे गेल्यावर थंड हवेची आठवण सगळ्या महाराष्ट्राला एकदमच होते.

म्हणून मागच्या तीन वर्षांत घराला कुलूप लावून तुम्ही कोणकोणत्या तारखांना बाहेर होता, ते कागदावर लिहा. विक्रेत्याला सांगा, ‘या तारखांचे पॉइंट दाखवा, आणि येत्या मे महिन्यात खोली आहे का ते आत्ता तुमच्या सिस्टीमवर उघडून दाखवा.’ कंपनीची नियत काय आहे हे या एका विनंतीला मिळणाऱ्या उत्तरावरून बरंच कळतं.

याच कॅलेंडरची दुसरी बाजूही आहे. दोघंही निवृत्त, मुलं नोकरीला बाहेर, गुडघे अजून साथ देताहेत, अशा जोडप्याला जुलै-ऑगस्ट किंवा फेब्रुवारीतले मधले वार मोकळेच असतात. पॉइंट जर कुणासाठी असतील तर त्यांच्यासाठी. सोळा रात्रींचा आकडा त्यांच्या बाबतीत खरा ठरू शकतो. फक्त मुदत पाहून घ्यावी. साठीच्या माणसाने पंचवीस वर्षांचा करार कशाला करायचा? दहा वर्षांचा मिळत असेल तर तोच पाहावा.

हिशेब

खालचे आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत, पद्धत कळावी म्हणून घेतलेत. तुमच्या कोटेशनचे आकडे त्या जागी घाला.

मेंबरशिप तीन लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४,०००. मुदत दहा वर्षं. वार्षिक मेंटेनन्स जीएसटीसकट १७,७०० आणि दरवर्षी पाच टक्के वाढ. दहा वर्षांचं मेंटेनन्स होतं सुमारे २,२२,६००. एकूण ५,७६,६०० च्या घरात. वर्षाला सातप्रमाणे सत्तर रात्री मिळाल्या तर रात्र पडली सव्वाआठ हजाराला. मे महिन्यातच जाणार असाल आणि वर्षाला चारच रात्री मिळाल्या, तर साडेचौदा हजाराला. यात जेवण नाही, प्रवास नाही. काही ठिकाणी विजेचे आणि सणाच्या दिवशीच्या सक्तीच्या जेवणाचे पैसे वेगळे लावतात. त्याची चौकशी आधी करा.

आता शेजारी दुसरा रकाना. तेच ३,५४,००० बँकेत ठेवले आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला २४,७८० येतात, कर वेगळा. त्यात मेंटेनन्सचे वाचलेले १७,७०० मिळवा. पहिल्याच वर्षी ४२,४८० रुपये हातात, म्हणजे सात रात्रींना रात्रीमागे सहा हजार. दहाव्या वर्षी हेच गणित साडेसात हजारांवर जातं, कारण वाचणारं मेंटेनन्सही वाढत गेलेलं असतं. आणि दहा वर्षांनी ३,५४,००० जागच्या जागी. महागाईने त्यांची किंमत कमी झालेली असेल हे मान्य, पण मेंबरशिपमध्ये शेवटी काहीच उरत नाही.

सहा हजारांत मे महिन्यात महाबळेश्वरच्या उत्तम रिसॉर्टमध्ये खोली मिळेलच असं नाही. तिथे मेंबरशिपवाला जिंकू शकतो. पण सहा हजारांत कोकणातलं घरगुती निवासस्थान आरामात मिळतं, एमटीडीसीचं गणपतीपुळ्याचं समुद्रालगतचं निवासस्थान पाहता येतं, हंपी-बदामीकडे वळता येतं. यंदा घरात लग्न निघालं तर न जाण्याचीही मोकळीक असते, मेंटेनन्सचं बिल तेव्हा येत नाही. उलट बाजूने, मेंबरशिप असलेली घरं ‘पैसे भरलेत’ म्हणून का होईना सुट्टीला निघतात, हे मी पाहिलेलं आहे. रिसॉर्टमध्ये मुलांसाठी खेळ असतात, खोलीला छोटं स्वयंपाकघर असतं, शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर नेली की एका वेळचं भागतं. ज्या घरात पैसे बँकेत ठेवले की ते सुट्टीऐवजी सोन्यातच जातात, त्या घराला ही सक्ती उपयोगी पडेल. त्यासाठी पावणेसहा लाख मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी मोजणार नाही.

ईएमआयवर घेणार असाल तर वरच्या गणितात व्याज वाढवा. शिवाय कर्ज बहुतेकदा बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं असतं. खोली मिळत नाही म्हणून रागाने हप्ता थांबवला तर सिबिल तुमचंच बिघडेल.

‘परतावा’ शब्द ऐकू आला तर

‘नाही वापरलं तरी मुदत संपल्यावर पैसे वाढून मिळतील’ असं कुणी म्हणालं की तिथून उठायचं. महाराष्ट्राला हे शिकवायची गरज नसावी. पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलच्या रात्री विकल्या होत्या आणि न वापरल्यास परत मिळणाऱ्या रकमेवर लोकांनी भरवसा ठेवला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने ती योजना विनापरवाना सामूहिक गुंतवणूक ठरवली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सात हजार कोटींहून जास्त रक्कम परत करायचा आदेश दिला. गुंतवणूकदार पन्नास लाखांच्या वर होते. हॉलिडे मेंबरशिप हा खर्च आहे. चांगला खर्च असू शकतो, गुंतवणूक नाही.

जुनी मेंबरशिप नावावर करून घेणं

चार रस्त्यांपैकी हा सगळ्यात दुर्लक्षित. कंटाळलेले मेंबर मूळ किमतीपेक्षा बरंच कमी घेऊन मेंबरशिप सोडायला तयार असतात. कंपनी आणि नाव तेच, रिसॉर्टही तीच. पण आधी कंपनीकडून लेखी घ्या: किती वर्षं उरलीत, मेंटेनन्स थकलंय का, ट्रान्सफर फी किती, आणि विकत घेणाऱ्याला पहिल्या मेंबरचे सगळे हक्क मिळतात की काही कापले जातात. परदेशातल्या रिसॉर्टशी अदलाबदलीची सोय, म्हणजे आरसीआयसारख्या संस्थेची जोडणी, बऱ्याचदा अशा ट्रान्सफरमध्ये गळते.

ही मेंबरशिप इतक्या स्वस्तात का सुटते, याचाही विचार करा. उद्या तुम्ही विकायला निघालात तर तुम्हालाही तोच भाव मिळणार आहे. आणि ‘तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त प्रोसेसिंगचे पैसे आधी भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे.

सही आणि त्यानंतरचे दिवस

अमेरिकेत असलेला मुलगा किंवा पुतण्या सांगेल, ‘घेऊन टाका, दहा दिवसांत रद्द करता येतं.’ तो राहतो त्या फ्लोरिडासारख्या राज्यात तसा कायदा आहे खरा. आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे अशा मेंबरशिपसाठी, वेगळा कायदा नाही. रद्द करायची मुदत करारात लिहिली असेल तेवढीच, म्हणून ते कलम सहीआधी शोधा आणि मुदत सहीपासून मोजायची की पैसे भरल्यापासून ते पाहा. तोंडी दिलेली आश्वासनं, ‘फ्री’ विमानतिकिटं, दोन जादा रात्री, हे सगळं विक्रेत्याला तिथल्या तिथे कंपनीच्या ईमेलवरून लिहून द्यायला सांगा. करारात छापील वाक्य असतं की या कागदाबाहेरचं काहीही कंपनीवर बंधनकारक नाही. रिसॉर्टच्या यादीत कंपनीची स्वतःची किती आणि भाड्याने घेतलेली किती, हेही विचारा. भाड्याचा करार संपला की ते नाव यादीतून जातं.

वाद झालाच तर करारात ‘न्यायक्षेत्र मुंबई’ किंवा ‘चेन्नई’ लिहिलंय म्हणून घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी, काही कंपन्या तेवढ्यावरही हलतात. मे महिन्यातलं बुकिंग नाकारलं गेलं तर त्याच दिवशी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि नकार ईमेलवर मागा. फोनवरचं ‘सर, अव्हेलेबल नाही’ आयोगासमोर दाखवता येत नाही.