बारा सदनिकांची ‘शाश्वत’ इमारत : राहून पाहिल्यानंतरचे परीक्षण

मोजक्या सदनिकांच्या आणि वास्तुविशारदाने जातीने लक्ष घालून उभारलेल्या ज्या इमारतींना हल्ली ‘बुटीक’ म्हटले जाते, त्यांच्या माहितीपत्रकात शाश्वत रचनेचे एक पान हमखास असते. आम्ही राहतो ती चार मजली, बारा सदनिकांची इमारत त्याच जातकुळीतली आहे. विकासकाचे नाव मी येथे देत नाही, कारण जे गुणदोष मी मांडणार आहे ते अशा बहुतेक प्रकल्पांत थोड्याफार फरकाने सापडतील. येथे सगळे ऋतू काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या इमारतीतला खरा शाश्वतपणा भिंती, खिडक्या आणि जिना यांच्या आखणीत आहे. नंतर आणून बसवलेल्या यंत्रांत तो फार थोडा आहे आणि तळघरात तर नेमके त्याच्या उलट घडले आहे.

आधी खिडक्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण या इमारतीचे सर्वांत चांगले काम तिथे झाले आहे. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातला दुपारचा सूर्य डोक्यावर असतो आणि हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर योग्य मापाचा आडवा छज्जा असला की उन्हाळ्यातले ऊन बाहेर अडते आणि हिवाळ्यातले आत येते. पूर्व-पश्चिमेला मात्र हा छज्जा निरुपयोगी ठरतो, कारण सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे, जवळजवळ आडवे येते. आमच्या वास्तुविशारदाने हे नीट ओळखून पश्चिमेच्या खिडक्या लहान आणि उभट ठेवल्या, त्यांच्या बाहेरच्या अंगाला सरकणाऱ्या लाकडी पट्ट्यांची झापे बसवली आणि मोठ्या काचा दक्षिण व उत्तरेलाच दिल्या. झापे काचेच्या बाहेर आहेत, याला फार महत्त्व आहे. काचेतून आत आलेली उष्णता पडद्याने थोडीफार परतवता येते, पण पडदा स्वतः तापतो आणि ती ऊब खोलीतच राहते. तीच उष्णता काचेपर्यंत पोहोचण्याआधी अडवली तर खोली तापतच नाही. पश्चिमेची खोली आमच्याकडे अभ्यासाची आहे. उन्हाळ्यात चारच्या सुमारास बाहेरची झापे सरकवली की पट्ट्यांच्या फटींतून जमिनीवर उजेडाच्या बारीक रेघा पडतात, वाचायला तेवढा प्रकाश पुरतो आणि पंख्यापलीकडे काही लावावे लागत नाही. झापांचे रूळ वर्षातून एकदा झाडून त्यांवर तेलाचे दोन थेंब सोडायचे, एवढीच त्यांची देखभाल आहे.

जिन्याचेही असेच. तो इमारतीच्या मध्यभागी खुला ठेवला असून त्याच्या माथ्यावर चारही बाजूंनी तिरप्या पट्ट्यांची झरोकेदार छत्री आहे. गरम हवा वर जाऊन तिथून बाहेर पडते आणि प्रत्येक सदनिकेच्या दाराशेजारच्या झडपेतून घरातली हवा तिच्या मागे ओढली जाते. ही झडप उघडी ठेवली की आवाज आणि वास शेजारी जातात, अशी तक्रार काही घरांनी केली आणि ती खरी आहे. आवाज शोषणारे अस्तर झडपेच्या नळीला आतून लावले असते तर हा प्रश्न उद्भवला नसता. एरवी रात्री हवा खेळती राहण्याच्या बाबतीत या जिन्याला तोड नाही. गच्चीवरचा उष्णतारोधक थर आणि त्यावरचा पांढरा लेप यांमुळे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचीही तक्रार नाही. जिन्यातले माणसाच्या चाहुलीने लागणारे दिवे ठीक आहेत, त्यांच्यावर वेगळे लिहावे असे काही नाही.

यंत्रांकडे वळले की चित्र बदलते. गच्चीवर सौर पाणीतापक आहे आणि त्यातले पाणी उत्तम तापते. परंतु स्नानगृहे इमारतीच्या दोन टोकांना असल्याने गरम पाण्याची नळी लांबलचक फिरली आहे. वीस मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे ०.३ लिटर पाणी मावते. म्हणजे टाकीपासून नळापर्यंतचे अंतर पंधरा मीटर असेल तर सकाळी नळ सोडल्यावर साडेचार लिटरहून अधिक गार पाणी आधी वाहून जाते. एकीकडे ऊर्जा वाचते आणि दुसरीकडे पाणी वाया जाते, तेही प्रत्येक घरात, रोज. नकाशा कागदावर असतानाच स्नानगृहे एकाखाली एक आणि टाकीच्या जवळ आणली असती तर हे टळले असते. आता उपाय म्हणून परतीची नळी आणि छोटा पंप बसवता येईल, पण त्यासाठी फरशी फोडावी लागेल आणि पाणी फिरत राहिल्याने नळ्यांतून उष्णताही जात राहील.

सांडपाणी शुद्धीकरणाचा संच ही या इमारतीची सर्वांत दुबळी बाजू आहे. स्नानाचे आणि कपडे धुण्याचे पाणी शुद्ध करून ते शौचालयांच्या टाक्यांना आणि बागेला द्यायचे, ही कल्पना उत्तमच आहे. परंतु या संचात सेंद्रिय मळ खाणारे जिवाणू काम करतात आणि त्यांना सतत हवा व बऱ्यापैकी एकसारखे खाद्य लागते. शे-सव्वाशे घरांच्या वसाहतीत चार कुटुंबे परगावी गेली तर संचाला पत्ता लागत नाही. बारा घरांत तीन कुटुंबे गेली की एक चतुर्थांश पाणी एका दिवसात कमी होते, जिवाणूंची उपासमार होते आणि ती मंडळी परतल्यावर अचानक आलेला भार संचाला पेलवत नाही. असे वापरलेले पाणी प्रक्रियेविना दिवसभराहून अधिक साठू दिले की त्याला दुर्गंधी सुटते, आणि आमच्या तळमजल्यावर ती सुटली. केस आणि साबणाचा चिकट थर गाळणीवर बसतो, तो दर आठवड्याला काढावा लागतो, हवा सोडणारा ब्लोअर रात्रंदिवस चालतो आणि त्याची घरघर तळमजल्याच्या शयनगृहात ऐकू येते. देखभालीसाठी लागणारा जाणकार माणूस बारा घरांसाठी येवो की साठ घरांसाठी, त्याचा मोबदला जवळपास तोच असतो. फक्त तो वाटून घेणारी घरे येथे कमी आहेत. शेवटी रहिवाशांच्या बैठकीत संच बाजूला टाकून पाणी थेट गटारात सोडण्याचा निर्णय झाला. मी त्याच्या विरोधात मत दिले, पण ज्यांनी बाजूने दिले त्यांना दोष देणे मला जमत नाही. ज्या शौचालयांना पूर्ण आणि अर्ध्या धारेसाठी ६ व ३ लिटर पुरतात, त्या शौचालयांच्या इमारतीत बागेपुरते पाणी वाळू-खडी आणि वनस्पतींच्या साध्या वाफ्यातून गाळून वापरले असते, तर ती व्यवस्था आजही चालू असती असे मला वाटते. लहान प्रकल्पात यंत्र निवडताना ते किती चांगले चालते यापेक्षा दुर्लक्ष झाल्यावर ते किती काळ तग धरते, हे आधी विचारायला हवे.

तळघराचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो, कारण तो दुरुस्त होण्यासारखा नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के मानला जातो. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग इंधनातून येत नाही. भट्टीत चुनखडी फुटते तेव्हा तिच्यातूनच तो वायू बाहेर पडतो, त्यामुळे भट्टी कितीही स्वच्छ ऊर्जेवर चालवली तरी तो राहतोच. आमच्या विकासकाने वरच्या मजल्यांसाठी पोलाद कारखान्यातली धातुमळी (स्लॅग) मिसळलेले सिमेंट वापरले, पाडलेल्या जुन्या घराच्या विटा आवारभिंतीला आणि तिथले लाकूड जिन्याच्या कठड्याला लावले, हे सगळे कौतुकास्पद आहे. परंतु त्याच इमारतीखाली प्रत्येक सदनिकेमागे दोन गाड्या उभ्या राहाव्यात म्हणून दोन मजली तळघर खणले आहे. मातीचा दाब पेलणाऱ्या जाड काँक्रीटच्या भिंती, जाड तळ, जलरोधन, पाणी उपसणारे पंप, हवा बाहेर फेकणारे पंखे आणि भरदिवसा लागणारे दिवे असा हा पसारा आहे, आणि त्यातल्या कित्येक जागा रिकाम्याच असतात. कठड्याच्या लाकडाने जे वाचवले ते या खड्ड्यापुढे नगण्य आहे. माहितीपत्रकातला ‘शून्य कार्बन’चा दावा केवळ वापरातल्या विजेचा हिशेब करतो, बांधकामाचा करत नाही, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

वाहनतळाविना चांगली घरे होऊच शकत नाहीत, असे विकासक सांगतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ब्रन्सविक भागात २०१७ मध्ये पूर्ण झालेली, ब्रीद आर्किटेक्चरने रचलेली ‘नाइटिंगेल १’ ही २० सदनिकांची इमारत रहिवाशांच्या गाड्यांसाठी तळघर न खणता उभी राहिली. रेल्वे स्थानक आणि सायकलमार्ग हाकेच्या अंतरावर आहेत हे लक्षात घेऊन ती आखली गेली, आणि कपडे धुण्याची जागाही घरोघरी न देता गच्चीवर सामाईक ठेवली. सगळ्याच जागा अशा मोक्याच्या नसतात, हे मला मान्य आहे. तरीही एक मजला तळघर कमी करण्याचा विचार आमच्या प्रकल्पात झाल्याची कोणतीही खूण मला नकाशांत सापडली नाही.

आकाराचाही असाच प्रश्न आहे. कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठीच्या ‘पॅसिव्हहाउस’ या मानकात घर उबदार ठेवण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ किलोवॉट-तास ही मर्यादा आहे. या मानकाची सुरुवात जर्मनीतल्या डार्मस्टाट येथील क्रानिखश्टाइन भागात, १९९१ मध्ये रहिवासी राहायला आलेल्या अवघ्या चार घरांच्या रांगेतून झाली, म्हणजे लहान प्रकल्प दिशा दाखवू शकतात हे त्या घरांनी सिद्ध केले आहे. परंतु मोजमाप चौरस मीटरवर असल्याने ८० चौरस मीटरच्या घराला वर्षाला १,२०० आणि २०० चौरस मीटरच्या घराला ३,००० किलोवॉट-तास लागले तरी दोन्ही घरे सारखीच उत्तीर्ण होतात, मग दुसऱ्यात दोनच माणसे राहत असली तरीही. ‘बुटीक’ प्रकल्पांची ओढ मोठ्या घरांकडे असते. आमच्याकडेही पाहुण्यांसाठीची खोली बहुतेक घरांत वर्षभर बंद असते आणि तिच्या भिंती, फरशी, काचा यांसाठीचे साहित्य मात्र खर्ची पडलेले असते. दरडोई हिशेब मांडणारे माहितीपत्रक माझ्या पाहण्यात आलेले नाही.

अशी सदनिका घेऊ इच्छिणाऱ्यांनी इमारतीच्या शाश्वतपणाला गुण देणाऱ्या मानांकनाचे प्रमाणपत्र नकाशांच्या टप्प्यावरचे आहे की इमारत वापरात आल्यानंतरच्या मोजणीचे, हे अवश्य विचारावे. आमचे पहिल्या प्रकारचे होते आणि त्यात सांडपाण्याच्या संचाचे पूर्ण गुण धरलेले होते. ताबा घेताना प्रत्यक्षात टाकलेल्या नळ्या-तारांचे नकाशे, प्रत्येक यंत्राची देखभालपुस्तिका आणि पहिल्या वर्षाच्या देखभालीचा लेखी करार मागून घ्यावा. आम्हाला नकाशे मिळाले, परंतु भिंतींत दडलेल्या नळ्या त्यांत दाखवलेल्या नव्हत्या, आणि गळती शोधताना दोन चांगल्या भिंती नाहक फोडाव्या लागल्या. विकासकाचा माणूस मात्र प्रत्येक वेळी बोलावल्यावर आला आणि त्याने कधी उद्धटपणे उत्तर दिले नाही, हे नमूद करायला हवे.

त्याच विकासकाच्या पुढच्या प्रकल्पाचे नकाशे मी पाहिले आहेत. खिडक्यांची आणि जिन्याची आखणी तीच ठेवली आहे, स्नानगृहे या वेळी एकाखाली एक आली आहेत, आणि तळघर पुन्हा दोन मजल्यांचे आहे. खालचा मजला वगळल्यास काँक्रीट किती कमी लागेल याचा हिशेब ग्राहकांसमोर ठेवावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.