हातच्याच्या बेरजेसाठी १२१ नगांचा दशमान ठोकळे संच: कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

दुसरीच्या वर्गात हातच्याची बेरीज सुरू झाली की पालक आणि शिक्षक दोघेही दुकानात एकच वस्तू मागतात: दशमान ठोकळे, म्हणजे 'बेस टेन ब्लॉक'. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्तान दिएनेश यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात असे ठोकळे प्राथमिक वर्गात रूढ केले. आज सर्रास मिळतो तो १२१ नगांचा संच: हजाराचा १ घन, शंभराच्या १० पाट्या, दशकाच्या १० दांड्या आणि १०० सुटे. सुटा ठोकळा १ सेंटिमीटरचा, दांडी १० सेंटिमीटरची. अनेक कंपन्या हाच संच थोड्या फरकाने विकतात, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नसून या मांडणीचं आहे.

घरी एका मुलासाठी संच उत्तम आहे. तीस मुलांच्या वर्गासाठी मात्र हातच्याच्या बेरजेच्या आठवड्यातच तो तोकडा पडतो, आणि त्याचं कारण साध्या हिशेबात आहे.

दुसरीत बेरीज ९९ च्या आत राहते. एककांची बेरीज जास्तीत जास्त ९ + ९, म्हणजे १८ सुटे लागतात. हातचा येणार असेल तर दोन्ही संख्यांचे दशक मिळून ८ च्या वर जात नाहीत, त्यात हातच्याची एक दांडी, म्हणजे ९ दांड्या. म्हणजे दोन मुलांच्या एका जोडीला ९ दांड्या आणि १८ सुटे. आता संचाकडे पाहा: सुटे पाच जोड्यांना पुरतात, दांड्या एकाच जोडीला. पंधरा जोड्यांच्या वर्गाला १३५ दांड्या आणि २७० सुटे हवेत. सुट्यांसाठी तीन संच पुरे, पण दांड्यांसाठी चौदा घ्यावे लागतील, आणि शंभराच्या १४० पाट्या विनाकारण कपाटात पडून राहतील. शाळेसाठी खरेदी करत असाल तर पुरवठादाराकडे दांड्या आणि सुटे वेगळे मागा. पूर्ण संच एकच घ्या, तो शिक्षकाच्या टेबलावर आणि पुढे तिसरीत तीन अंकी संख्यांना कामाला येतो.

साहित्य निवडताना रंग आधी पाहा. काही संचांत सुटे पिवळे, दांड्या हिरव्या, पाट्या निळ्या असतात. दिसायला छान, पण शिकवायला वाईट. मूल 'हिरवं म्हणजे दहा' असं लक्षात ठेवतं आणि दांडीवरचे दहा भाग मोजायचं सोडून देतं. सगळे नग एकाच रंगाचे घ्या. दुसरी तपासणी दुकानातच करता येते: दहा सुटे एका ओळीत दांडीला चिकटवून ठेवायचे. टोकं जुळली नाहीत तर संच परत करा, कारण 'दहा सुटे म्हणजे एक दशक' हे मुलाला डोळ्यांनी पटवायचं आहे. फोमचे ठोकळे आवाज करत नाहीत, पण दाबले जातात आणि इथेच चुकतात. लाकडी हाताला छान लागतात, पण दमट हवेत फुगतात. रोजच्या वापराला प्लास्टिकच बरं. बाकावर जाड कापड अंथरलं की आवाजही कमी होतो. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर सुटे त्याच्या हाती लागू देऊ नका, गिळण्याइतके लहान असतात.

संचात जे क्वचितच मिळतं आणि ज्याच्याशिवाय ठोकळ्यांचा निम्मा उपयोग वाया जातो, तो म्हणजे दशक-एककाचा तक्ता. तो घरी करा. ए-थ्री कागद आडवा धरून मध्ये उभी रेघ मारा, डावीकडे दशक, उजवीकडे एकक. एककाच्या बाजूला दोन ओळी पाच रकाने अशा दहा घरांच्या दोन चौकटी आखा, प्रत्येक घर २ सेंटिमीटरचं. नियम एकच: चौकट भरली की ती रिकामी करून एक दांडी घ्यायची.

४७ + ३८ घ्या. ४ दांड्या, ७ सुटे मांडा. त्याखाली ३ दांड्या, ८ सुटे. सातच्या चौकटीत तीन घरं रिकामी आहेत, ती आठातल्या तीनांनी भरा. पाच उरतात. भरलेले दहा सुटे डब्यात, डब्यातून एक दांडी बाहेर, आणि ती दशकाच्या रकान्यात सगळ्यात वर ठेवायची, वहीत हातचा १ लिहितो नेमक्या त्याच जागी. मग १ + ४ + ३ = ८. उत्तर ८५.

यात सर्वाधिक बिघडतं ते लिखाण. मुलं आधी सगळे ठोकळे हलवतात आणि नंतर वहीत स्वतंत्रपणे गणित सोडवतात; मग ठोकळ्यांवर ८५ आणि वहीत ७१५, असं सर्रास दिसतं. उपाय: जोडीतल्या एकाने हलवायचं, दुसऱ्याने प्रत्येक हालचालीला लगेच लिहायचं, पुढच्या गणिताला अदलाबदल. वहीत ७५ आलं तर हातचा मिळवायचा राहिला; तिथे समजावत बसू नका, वरची दांडी बोटाने दाखवा.

दुसरी अडचण ऐकण्याची आहे. 'अडतीस' म्हणताना आठ आधी ऐकू येतात, म्हणून मूल ८ दांड्या आणि ३ सुटे उचलतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तीस आठ' असंही वाचन दिलं, तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद बाजूला ठेवून सांगायचं तर ठोकळे मांडताना 'तीस आणि आठ, अडतीस' असं दोन्ही म्हणून घेतलं की ही उलटापालट कमी होते. परीक्षेत, बाजारात मुलाला 'अडतीस'च लागणार आहे, ते सोडू नका.

पैसे नसतील तर आईस्क्रीमच्या काड्या. खरं तर पहिल्या दोन दिवसांसाठी त्या ठोकळ्यांपेक्षा सरस आहेत, कारण दांडी फुटत नाही, ती फक्त बदलून मिळते. गठ्ठा मात्र मूल स्वतः बांधतं आणि स्वतः सोडतं. दहा सुट्या काड्यांना रबर लावलं की तेच दशक झालं, डब्याची गरजच नाही. म्हणून एका जोडीला ९९ काड्या आणि ९ रबर पुरतात. चिंचोके एककापुरते ठीक, पण त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही. खराट्याच्या काड्या टाळा, कुसळं टोचतात. काड्यांवर हात बसला की तिसऱ्या दिवशी दांड्या द्या.

वाटप आणि जमा करणं यात ३५ मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं सहज जातात. प्रत्येक जोडीची चेनची पिशवी आधीच भरून ठेवा: ९ दांड्या आणि १८ ऐवजी २० सुटे. वीस यासाठी की तास संपताना सुटे दोन्ही चौकटींत भरायला सांगितले की हरवलेला नग रिकाम्या घरावरून लगेच कळतो.

हजाराचा घन या आठवड्यात बाहेर काढूच नका. तो बहुतेक पोकळ असतो आणि मुलं सहा बाजूंचे चौकोन मोजून त्याला सहाशे म्हणतात. तिसरीत तो दाखवाल तेव्हा शेजारी दहा पाट्यांची चळत रचा, आतले ठोकळे तिथे दिसतात.

पुढच्या आठवड्यात दशक सुटा करून वजाबाकी येईल. तीच पिशवी चालते: ९८ मधून ९ वजा करताना एक दांडी देऊन दहा सुटे घेतले की ८ दांड्या, १८ सुटे होतात. सुरुवात ५२ − २७ सारख्या गणिताने करा. ६० − २७ दोन दिवसांनी द्या, कारण एककाची चौकट मुळातच रिकामी असली की बरीच मुलं सातातून शून्य वजा करून ४७ लिहितात.