मे महिन्यातलं मॉस्को की जुलैतलं येकातेरिनबुर्ग?

चक, टूल होल्डर, कॉलेट, व्हाइस असला, लेथ-मिलिंग यंत्रावर जॉब किंवा अवजार पकडून ठेवणारा माल बनवणाऱ्या पुण्या-कोल्हापूरकडच्या कारखान्याला रशियात वर्षाकाठी एकच स्टॉल परवडणार असेल, तर निवड शेवटी दोन प्रदर्शनांत होते. मॉस्कोत मेअखेरीला भरणारं ‘मेटालोओब्राबोत्का’ आणि उरलमध्ये, येकातेरिनबुर्गला जुलैत भरणारं ‘इन्नोप्रोम’. कझान, नोवोसिबिर्स्क, सेंट पीटर्सबर्ग इथेही प्रादेशिक प्रदर्शनं असतात, पण पहिल्या खेपेला त्यांचा विचार नको. २०२४ च्या तारखा पाहा: मॉस्को २० ते २४ मे, येकातेरिनबुर्ग ८ ते ११ जुलै. मधलं अंतर जेमतेम सहा आठवड्यांचं. कागदावर ते किरकोळ दिसतं, पण माझा कौल त्याच सहा आठवड्यांनी ठरवला.

दोन्हीकडे लागू असलेली एक गोष्ट आधी उरकून घेऊ. स्टॉलचे पैसे भरण्यापूर्वी मालाचे एचएस कोड, म्हणजे जकातीसाठीचे आंतरराष्ट्रीय क्रमांक, घेऊन आपल्या बँकेत जा. टूल होल्डर ८४६६.१०, वर्कहोल्डिंग (जॉब पकडणारा माल) ८४६६.२०, कटिंग टूल ८२०७. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचा ८४५८.११ आणि मशिनिंग सेंटरचा ८४५७.१० हे कोड तर अमेरिका-युरोपच्या निर्बंधांमधल्या खास नजर ठेवलेल्या यादीत आहेत. शिवाय डिसेंबर २०२३ च्या अमेरिकी आदेशापासून तिसऱ्या देशातल्या बँकांवरही टांगती तलवार आहे. त्यामुळे व्यवहार रुपयात असला, व्होस्ट्रो खातं (परदेशी बँकेचं आपल्या बँकेतलं रुपया-खातं) असलं, तरी बँक नाही म्हणू शकते. निर्यात नियंत्रणाची स्कोमेट यादीही आपल्या मालापुरती डीजीएफटीच्या (परदेश व्यापार महासंचालनालयाच्या) नियमांनुसार तपासून घ्या. गिऱ्हाईक कारखाना काय बनवतो, मालक कोण, हे बँक विचारणारच. ते उत्तर तयार ठेवा. बँकेचा होकार लेखी मिळाला तरच पुढची तुलना कामाची.

बंगळुरूचं इमटेक्स हे यंत्र-अवजारांचं प्रदर्शन पाहिलेल्याला मॉस्कोत परकं वाटत नाही. १९८४ पासूनचं मेटालोओब्राबोत्काही यंत्र-अवजारांचंच आहे. एक्स्पोसेंटर ही प्रदर्शन-कंपनी आणि रशियन यंत्र-उत्पादकांची ‘स्तांकोइन्स्त्रुमेंत’ ही संघटना मिळून ते चालवत आली. हॉलमध्ये यंत्रं खरोखर कटिंग करत असतात, कुलंटचा वास येतो, आणि तुमच्या स्टॉलसमोर थांबलेल्याला हायड्रॉलिक होल्डर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तो सरळ रनआउट, म्हणजे फिरताना टोक किती डगमगतं, ते विचारतो. म्हणून टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) आणि एक मायक्रॉनचा डायल टेबलावर बसवूनच ठेवा. टोकाशी, तीन व्यास अंतरावर डायल फिरवून दाखवलं की निम्मं बोलणं तिथेच होतं. छापील कॅटलॉगला त्यापुढे फारसा अर्थ नाही.

इन्नोप्रोमचा पिंडच वेगळा. ते २०१० मध्ये सुरू झालं, त्यामागे उद्योग मंत्रालय आहे, आणि विषय सगळा उद्योग: रोबो, ऊर्जा, सॉफ्टवेअर, शहरी वाहतूक, प्रांतांचे सामूहिक स्टॉल. बहुतेक वर्षी एक भागीदार देश असतो. २०१६ साली तो भारत होता. शिष्टमंडळातून जाणाऱ्याला तिथे मान मिळतो, मोठ्यांच्या गाठी पडतात, करारनाम्यांवर सह्या होतात. मात्र एकट्याने गेलेल्या चकवाल्याला गर्दीतून आपला माणूस वेचून काढावा लागतो. स्टॉलवर येणाऱ्या दहांमध्ये कामाचे किती, याचा हिशेब मी मांडलेला नाही, पण दिवसाअखेरी घसा कुठे जास्त बसतो ते लक्षात राहतं.

मॉस्कोलाही खोट आहेच. येणाऱ्यांत व्यापारी फार. भेटीच्या तिसऱ्या वाक्याला ‘संपूर्ण रशियाची एकमेव एजन्सी द्या’ ही मागणी येते, आणि ती देणाऱ्याचा माल पुढे दोन वर्षं कुणाच्या तरी किंमतपत्रकात नुसता पडून राहू शकतो. एजन्सी द्यायचीच तर प्रांतानुसार द्या, एका वर्षापुरती द्या, आणि गोदामात किती नग ठेवणार ते करारात लिहून घ्या. तरी व्यापारी लागतोच. रशियात माल सोडवायला जकातीच्या कागदावर तिथलीच संस्था लागते, आणि पूर्ण यंत्र विकायचं असेल तर यंत्रसुरक्षेच्या ०१०/२०११ नियमाखालचं अनुरूपता घोषणापत्रही तिथल्याच नोंदणीकृत अर्जदाराच्या नावावर निघतं. पूर्ण यंत्रांच्या बाबतीत आणखी एक भिंत आहे. सरकारी खरेदीत ‘रशियन उत्पादन’ कशाला म्हणायचं हे २०१५ च्या ७१९ क्रमांकाच्या ठरावावर मोजतात, आणि बाहेरचं यंत्र तिथे मागे पडतं. होल्डर-चकवाल्यांनी या भिंतीच्या वाटेला जायचं कारण नाही.

माल निवडताना दोन्ही शहरांत एकच शहाणपण चालतं. रशियन कारखान्याच्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रशाळेत, नव्या सीएनसीच्या शेजारी १६के२० ही जुनी लेथ हमखास असते. तिच्या स्पिंडलचं नाक गोस्ट (रशियन मानक) १२५९३ प्रमाणे ६ नंबरचं, म्हणजे आयएसओ ७०२-३ चं बायोनेट, आणि चक २५० मिमीचा. आपल्याकडून बहुतेक जण ए२-६ ची पाठ असलेला चक घेऊन जातात. आखूड शंकूचा व्यास दोन्हींत १०६.३७५ मिमीच आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला बसेलसं वाटतं. घोळ बांधणीत होतो: ए२ मध्ये बोल्ट समोरून स्पिंडलमध्ये जातात, बायोनेटमध्ये चकच्या पाठीला स्टड असतात आणि नट स्पिंडलच्या कॉलरमागे आवळतात. बायोनेटची बॅकप्लेट वेगळी करून न्या, किमान तिचं ड्रॉइंग तरी भिंतीवर लावा. मिलिंगकडे ७:२४ उताराच्या शंकूच्या होल्डरला बीटी (जपानी) की डीआयएन (जर्मन) मानक, आणि होल्डर आत ओढून धरणारा पुल-स्टड कोणता, हे प्रत्येक जण विचारतो. गोस्ट २५८२७ चा तक्ता शेजारी ठेवा. कटिंग टूल असतील तर डेटा ४०ख आणि १२ख१८एन१०टी या पोलादांसाठी द्या. पहिलं ४१सीआर४ च्या जवळचं, दुसरं आपलं ३२१ स्टेनलेस. फक्त आपल्याकडच्या ईएन८ पोलादाचे आकडे दाखवले तर समोरचा माणूस मान हलवून पुढे जातो.

नमुने दोन खोक्यांत वेगळे करा. नुसते दाखवायचे, अर्धे कापलेले नग तात्पुरत्या आयातीवर जाऊ शकतात. त्यासाठीचं एटीए कार्नेट आपल्याकडे फिक्की ही उद्योगसंघटना देते, पण रशियासाठी ते सध्या देतात का, हे बुकिंगआधी विचारा. चाचणीला ठेवायचे नग मात्र शुल्क आणि व्हॅट भरून कायमचे सोडवून घ्या. तात्पुरत्या आयातीवर आणलेला नग गिऱ्हाइकाकडे ठेवला तर परतीच्या वेळी जकातीत उत्तर द्यावं लागतं. हातबॅगेचा विचारही नको. २५० मिमीचा तीन जबड्यांचा चक एकटाच एका बॅगेचं वजन खातो.

आता ते सहा आठवडे.

रशियन कारखान्यात नवं टूलिंग स्टॉलवर विकलं जात नाही. ते चाचणीच्या अहवालावर विकलं जातं. नमुना शॉपमध्ये जातो, टूल विभाग तो नोंदवतो, शॉपचा टेक्नॉलॉजिस्ट यंत्रावर वेळ काढून चालवतो, कटिंग डेटा आणि टूल लाइफ लिहितो, आणि त्या कागदावर मुख्य टेक्नॉलॉजिस्ट किंवा मुख्य अभियंता सही करतो. तीन-चार सह्या. एक माणूस जाग्यावर नसेल तर कागद त्याच्या टेबलावर थांबतो.

रशियन कामगार कायद्याने प्रत्येकाला वर्षाला २८ दिवसांची पगारी रजा आहे, तिचे तुकडे पाडले तरी एक तुकडा किमान १४ दिवसांचा हवा, आणि कोण कधी रजेवर जाणार याचं वेळापत्रक आदल्या डिसेंबरातच ठरलेलं असतं. उरलचा उन्हाळा इतका आखूड की ती रजा जुलै-ऑगस्टमध्ये घेण्याकडेच कल. बऱ्याच ठिकाणी यंत्रांची नियोजित दुरुस्तीही याच काळात काढतात. इन्नोप्रोम संपतं ११ जुलैच्या आसपास. तुम्ही पुण्यात परतून पत्र लिहिता तोवर टेक्नॉलॉजिस्ट गावाकडच्या बागेत रमलेला असतो. तो परत येतो तेव्हा टूल विभागवाला निघतो. माणसं सगळी सज्जन, बोलणी झकास झालेली, आणि सप्टेंबरपर्यंत पानही हलत नाही. मधल्या काळात मॉस्कोच्या गोदामात माल ठेवून बसलेल्या चिनी विक्रेत्याने नग पोचवलेलाही असतो.

मॉस्कोच्या प्रदर्शनाला हा त्रास नाही. १ आणि ९ मेच्या सुट्ट्या आधीच उरकलेल्या असतात, पुढे १२ जूनची एक सुट्टी सोडली तर अख्खा जून कामाचा. मेअखेरीला नमुना हातात दिला तर जूनच्या मध्याला यंत्रावर लागू शकतो आणि रजा सुरू होण्याआधी सह्या होऊ शकतात. भारतीयांना मिळणाऱ्या ई-व्हिसावर ऑगस्ट २०२५ पासून ३० दिवस राहता येतं, पूर्वी १६ होते. म्हणजे प्रदर्शनाला गेलेला तुमचा सर्व्हिस इंजिनीअर पहिल्या चाचणीलाही हजर राहू शकतो. परक्या माणसाने चुकीच्या टॉर्कने आवळून होल्डर नापास करण्याचा धोका त्याने खूपच कमी होतो.

तेवढ्या एका कारणासाठी मी मॉस्कोकडे झुकतो. बाकी गोष्टींत येकातेरिनबुर्ग मागे नाही, काहींत पुढेच आहे. तिथून निझनी तागील साधारण १४० किमी, चेल्याबिन्स्क २०० किमी. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मोटारीने कारखाना गाठता येतो. मॉस्कोहून तेच अंतर सुमारे १,८०० किमी पडतं. घड्याळही सोयीचं: येकातेरिनबुर्ग आपल्या अर्धा तासच मागे, मॉस्को अडीच. अवजड ट्यूब-रोलिंग, रेल्वे वॅगन, खाणयंत्रं बनवणाऱ्यांसाठी मोठे चक आणि स्टेडी रेस्ट (लांब जॉबला मध्ये आधार देणारं साधन) असा माल असेल, तर गिऱ्हाईक उरलमध्येच आहे आणि माझा युक्तिवाद तिथे लंगडा पडतो.

राहण्याचं थोडक्यात. येकातेरिनबुर्ग-एक्स्पो शहराबाहेर, कोल्त्सोवो विमानतळाकडे; मेट्रो तिथवर जात नाही आणि त्या आठवड्यात हॉटेलं लवकर भरतात. मॉस्कोत एक्स्पोसेंटरच्या मैदानाशेजारीच व्हिस्तावोच्नाया मेट्रो स्टेशन; मात्र यंदाची जागा कोणती हे जागा-बुकिंगच्या पत्रावर वाचूनच हॉटेल घ्या. मार्च २०२२ पासून परदेशी बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड रशियात चालत नाहीत, तेव्हा डॉलरच्या कोऱ्या नोटा न्या.

तरीही इन्नोप्रोमच ठरलं असेल तर जाण्याआधी जूनमध्येच ठरावीक चार-पाच कारखान्यांना पत्र लिहून नमुने पाठवा, म्हणजे जुलैत भेटणारा माणूस मालाविषयी काहीतरी बोलू शकेल. स्टॉलवर व्हिजिटिंग कार्ड घेतलं की मागच्या बाजूला दोन तारखा लिहा: याची रजा केव्हापासून, आणि सही करणाऱ्या वरच्या साहेबाची केव्हापासून. सरकारी मालकीचे कारखाने २०११ च्या २२३ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाची खरेदी-योजना आधी जाहीर करतात, आणि तिची मागणीपत्रकं शरदात गोळा होतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चाचणी लागली तर अहवाल ऑक्टोबरात हाती येतो. आपल्याकडे त्याच सुमारास दिवाळीची सुट्टी लागते, तर डिस्पॅचचा एक माणूस आणि बॅकप्लेट कापणारा एक टर्नर तेवढे दिवस कामावर ठेवा.