बँगोर की मर्थर? इटालियनांना घाम फोडणारे दोन वेल्श फुटबॉल क्लब

उत्तर किनाऱ्यावरचं बँगोर आणि दक्षिणेतलं, लोखंडाच्या भट्ट्यांवर वाढलेलं मर्थर टिडफिल. दोन्ही गावं छोटी. दोघांनीही वेल्श कप जिंकून युरोपातल्या कपविजेत्यांच्या स्पर्धेचं दार उघडलं आणि घरच्या मैदानावर इटालियन संघाला लोळवलं.

बँगोर सिटीने 1962 मध्ये घरच्या फॅरार रोड मैदानावर नापोलीला 2-0 हरवलं. परतीच्या सामन्यात 1-3 हार. एकूण गोल 3-3! परक्या मैदानावरच्या गोलला जास्त वजन देणारा नियम तेव्हा असता, तर बँगोरच पुढे गेलं असतं. पण तो आला 1965 मध्ये. मग लंडनच्या हायबरीवर तिसरा सामना झाला, त्यात नापोली 2-1 ने जिंकली. हा घास अगदी तोंडाशी येऊन गेला. मर्थरने 1987 मध्ये अतालांताला 2-1 नमवलं, त्यांच्या घरी बर्गामोत मात्र 0-2 हार. तीच अतालांता पुढे त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली, म्हणजे विजय काही फुकटातला नव्हता. तरी मला बँगोरची हुरहुर जास्त लागते.

1992 मध्ये वेल्सची स्वतःची लीग सुरू झाली, तेव्हा वाटा फुटल्या. बँगोर तिकडे गेलं आणि 1994, 1995, 2011 मध्ये विजेतं ठरलं. मर्थर इंग्लिश लीगमध्येच राहिलं, 2010 मध्ये कर्जात बुडालं, तेव्हा चाहत्यांनी मर्थर टाउन नावाने पुन्हा उभं केलं. बँगोरच्या चाहत्यांनीही 2019 मध्ये वेगळी चूल मांडली: बँगोर 1876.