एमएसडब्ल्यूसाठी घेतलेलं फेडरल लोन: माझ्या एकटीच्या सहीवर

पाचपैकी चार तारे. एक तारा व्याजापायी कापला आहे, त्याबद्दल पुढे लिहितेच.

मी एडिसनला राहते, न्यू जर्सीत. मूळची सांगलीची. अकरा वर्षं एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, काढली आणि 2022 मध्ये ग्रीन कार्ड हातात आलं. मग जवळच्याच एका ॲडल्ट डे केअर सेंटरमध्ये नोकरी धरली. आपल्याकडचे, गुजराती, तमिळ असे सगळे आजी-आजोबा तिथे दिवसभर येऊन बसतात. मेडिकेडचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचे कागद, मुलाशी झालेला अबोला, कुणी दोन दिवस जेवलेलं नाही, हे सगळं माझ्यापाशी यायचं, आणि मी म्हणायची, "सोशल वर्कर आल्या की सांगते हं." त्या आठवड्यातून एकदा यायच्या. तोवर आजी वाट बघायच्या. एका आजींनी मला सरळ विचारलं, "तूच का नाही होत गं ती?" त्या प्रश्नानं मला वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमध्ये मास्टर्स करायला कॉलेजात पाठवलं.

फीचा काही भाग साठवलेल्या पैशांतून निघणार होता. उरलेल्यासाठी कर्ज. ओळखीतल्या बहुतेकांनी सांगितलं, "तुझा नवरा आयटीत, तुम्हाला कसलं सरकारी कर्ज मिळतंय? फाफसा भरून वेळ घालवू नकोस." हा गैरसमज आपल्या लोकांत घट्ट बसलेला आहे, म्हणून आधी तोच खोडते. फाफसा म्हणजे फेडरल, अर्थात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, शिक्षणासाठीच्या मदतीचा फुकट अर्ज. पदव्युत्तर शिक्षणाला मिळणारं डायरेक्ट अनसबसिडाइज्ड लोन (थेट सरकारकडून, पण व्याजात सूट नसलेलं) घरच्या उत्पन्नावर अवलंबून नसतं. नवऱ्याचा पगार कितीही असो, तुम्ही पात्र असाल आणि कॉलेजच्या हिशेबानं निदान अर्धवेळ शिकत असाल, तर 2025-26 मध्ये वर्षाला 20,500 डॉलरपर्यंत मागता येत होते. क्रेडिट स्कोअर बघत नाहीत. को-साइनर, म्हणजे सोबत सही करून जबाबदारी घेणारा, लागत नाही. तारण नाही.

तारण नाही, हे वाचून मी स्क्रीनसमोर थोडा वेळ नुसती बसून राहिले. माझ्या भावाच्या इंजिनिअरिंगला बाबांनी बँकेत घराचे कागद ठेवले होते आणि काका जामीनदार राहिले होते. कर्ज फिटेपर्यंत काकांच्या प्रत्येक फोनला आई दचकायची. माझ्या शिक्षणाची वेळ आली तेव्हा घरात ठेवायला दुसरं काही उरलं नव्हतं. मी बीए केलं आणि थांबले. त्यामुळे कुणालाही अडकवल्याशिवाय, माझ्या एकटीच्या नावावर कर्ज मिळतं आहे, ही गोष्ट मला व्याजदराच्या आधी दिसली.

तुलनेसाठी एका खासगी कंपनीकडेही चौकशी केली होती. तिथला पहिला प्रश्न "को-साइनर कोण?" माझी क्रेडिट हिस्टरी तीन वर्षांची, त्याआधीची सगळी कार्डं नवऱ्याच्या नावावर. त्याची सही असेल तरच पुढे बोलू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नवऱ्याने आनंदानं सही केली असती. पण मला ती नको होती.

आता अर्ज. स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर आधी स्वतःचं अकाउंट काढावं लागतं. शेवटी 'डॉट गव्ह' आहे ना, ते डोळे फाडून बघा. मी शोधताना भलत्याच साइटवर पोचले होते. दिसायला हुबेहूब, आणि शेवटच्या पानावर अर्ज भरून देण्याचे 79 डॉलर मागत होते. कार्डाचा नंबर टाकायच्या आत थांबले. अर्जाच्या नावातच 'फ्री' आहे, तेव्हा त्यासाठी कुणालाही एक सेंट देऊ नका.

अकाउंट काढताना माझी गाडी जिथे अडली, ती जागा मराठी बायकांनी नीट समजून घ्यावी. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी असतात. इथे आल्यावर आपण सवयीनं नवऱ्याचं नाव 'मिडल नेम'च्या चौकटीत टाकतो. मीही तेच केलं. या अकाउंटची माहिती सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याकडच्या नोंदीशी ताडून बघतात, माझ्या वेळी त्याला एक ते तीन दिवस लागत होते. तिसऱ्या दिवशी ईमेल आली, माहिती जुळत नाही. जन्मतारीख बरोबर, नंबर बरोबर. कार्ड काढून पाहिलं तर नाव तेच, पण कार्डावर नावं एका ओळीत छापलेली, त्यातलं पहिलं कुठे संपतं आणि मधलं कुठे सुरू होतं ते काही कळेना. शेवटी फोन करून विचारलं तेव्हा उलगडा झाला. त्यांच्याकडे माझं पहिलं नाव दोन शब्दांचं होतं, माझं आणि नवऱ्याचं मिळून. मधलं नाव रिकामं. पासपोर्टवरून जसंच्या तसं उतरलेलं. दोन्ही शब्द 'फर्स्ट नेम'मध्ये घातले, मधली चौकट मोकळी सोडली, आणि या वेळी जुळलं.

त्यापुढचा अर्ज मात्र सोपा निघाला. पदव्युत्तर विद्यार्थी आपोआप 'इंडिपेंडंट' धरले जातात, आई-वडिलांची माहिती विचारत नाहीत. आम्ही दोघं टॅक्स एकत्र भरतो, त्यामुळे नवऱ्याला वेगळं अकाउंट काढावं लागलं नाही. वेगवेगळा भरत असाल तर जोडीदाराला स्वतःचं अकाउंट काढून संमती द्यावी लागते. टॅक्सचे आकडे आपली संमती घेऊन थेट आयआरएसकडून, म्हणजे टॅक्स खात्याकडून येतात. 2025-26 च्या अर्जाला 2023 चा टॅक्स लागला. ग्रीन कार्डवाल्यांनी ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला नंबर) हाताशी ठेवावा. कॉलेजं वीसपर्यंत टाकता येतात, मी तीन टाकली. चहा गार व्हायच्या आत संपलं म्हणणार नाही, पण दुसरा कप करावा लागला नाही.

मग कॉलेजकडून पत्र आलं आणि मी चक्रावले. कॉलेजचं नाव घेत नाही. वर ठळक अक्षरांत 'तुमची आर्थिक मदत' आणि त्याखाली पाच आकडी बेरीज. बारीक वाचलं तर त्यात अनुदान शून्य. सगळंच्या सगळं कर्ज, तेही दोन प्रकारचं. 20,500 अनसबसिडाइज्ड आणि उरलेलं ग्रॅड प्लस, म्हणजे त्यावरच्या खर्चासाठीचं दुसरं सरकारी कर्ज. घेतलेला पैसा परत करायचा असेल तर त्याला मदत म्हणू नये, कर्ज म्हणावं. त्या बेरजेवर विसंबून कुणी घर बदलेल, नोकरी सोडेल. आणि हेही कुणी सांगत नाही की देऊ केलेली सगळी रक्कम घ्यायलाच पाहिजे असं नाही. ऑनलाइन जाऊन आकडा कमी करता येतो. मी 20,500 खोडून 14,000 केले आणि ग्रॅड प्लस नाकारलं.

नाकारलं, कारण वही घेऊन बसले. 2025-26 साठी अनसबसिडाइज्डचा दर 7.94 टक्के आणि ग्रॅड प्लसचा 8.94. शिवाय पैसे हातात यायच्या आधीच शुल्क कापतात, त्या वर्षी पहिल्यावर 1.057 टक्के, दुसऱ्यावर 4.228. म्हणजे ग्रॅड प्लसचे दहा हजार मागितले असते तर 423 डॉलर सुरुवातीलाच गेले असते आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लागलं असतं. माझे सात हजार पहिल्या सेमिस्टरला आले तेव्हा कॉलेजच्या खात्यावर 6,926 दिसले. 74 डॉलर शुल्कात गेले.

आणि व्याजाचं मीटर त्याच दिवशी सुरू झालं. सात हजारांवर रोज दीड डॉलर. मी लेक्चरला बसलेली असताना, रविवारी पोहे करताना, झोपेतसुद्धा. पदवीच्या गरजू मुलांना सबसिडाइज्ड लोन मिळतं, त्यात शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं. पदव्युत्तरांसाठी ते 1 जुलै 2012 पासून बंद केलं. वर दरही जास्त. त्याच 2025-26 मध्ये पदवीच्या मुलांना 6.39 टक्क्यांनी मिळालं. आजारी म्हाताऱ्यांची कामं शिकायला निघालेल्या माणसाकडून जास्त दर घ्यायचा, हे मला पटत नाही. तो तारा इथे कापला. दर एकदा ठरला की शेवटपर्यंत तोच राहतो, हा त्यातला दिलासा. मी दर महिन्याला व्याजापुरते पन्नास डॉलर आत्ताच भरते. सक्ती नाही, शिक्षण संपल्यावरही सहा महिने सवलत असते. पण तोवर साचू दिलं तर फेडायची रक्कम तेवढी वाढून बसते.

पैसे मिळण्याआधी दोन कामं ऑनलाइन करावी लागतात. एक एन्ट्रन्स काउन्सेलिंग, म्हणजे कर्ज समजावून सांगणारं सत्र, अर्धा तास धरा. काहीजण नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट दाबत जातात, तसं करू नका. हप्त्याचा अंदाज तिथे दिसतो, तो बघूनच मी आकडा खाली आणला. दुसरं म्हणजे प्रॉमिसरी नोट, कर्ज फेडण्याचा लेखी करार. ती एका बैठकीत पूर्ण करावी लागते आणि दहा वर्षं चालते. तिच्यात दोन ओळखीच्या माणसांची नावं-पत्ते द्यायचे, दोघांचे पत्ते वेगळे आणि अमेरिकेतले. सांगलीचा भाऊ चालत नाही. मी महाराष्ट्र मंडळातल्या एका मैत्रिणीला फोन केला. ती गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "अगं, जामीन राहायचं नाही ना? घरी विचारावं लागेल मला." तिला सांगितलं, नाही गं, उद्या माझा पत्ता लागला नाही तर तुला विचारतील, इतकंच. पैशाची जबाबदारी शंभर टक्के माझी. तेव्हा कुठे तिने पत्ता सांगितला. तिचं भ्यायलेलं मला अगदी समजलं. 'जामीन' हा शब्द आमच्या घरातही असाच दबक्या आवाजात उच्चारला जायचा.

या सोयीतली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट सांगते. पैसे आल्यापासून 120 दिवसांच्या आत त्यातले काही किंवा सगळे परत केले, तर परत केलेल्या भागावरचं व्याज आणि शुल्क दोन्ही माफ होतं. नोव्हेंबरमध्ये माझी एक फी कमी झाली, हातात हजार डॉलर मोकळे झाले. ते त्याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसमार्फत परत केले. कुणी कारणही विचारलं नाही.

आता नवा कायदा, कारण पुढचा प्रवेश घेणाऱ्यांसाठी चित्र वेगळं आहे. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्यानं 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद. मास्टर्ससारख्या अभ्यासक्रमांना वर्षाला 20,500 च, पण एकूण मर्यादा एक लाख डॉलर. डॉक्टरकी, वकिलीसारख्या व्यावसायिक शिक्षणाला वर्षाला 50,000 आणि एकूण दोन लाख. माझ्यासारख्या मास्टर्सवाल्यांचं यात फारसं अडत नाही. पण मंडळातल्या ज्यांची मुलं मेडिकलला जाणार आहेत त्यांनी आत्ताच बसून हिशेब करावा. वरचा खर्च पूर्वी ग्रॅड प्लसमधून निघायचा, तो आता बहुधा खासगी कर्जाकडे जाईल, आणि तिथे पुन्हा तोच प्रश्न, को-साइनर कोण.

पुण्याची भाची एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, यायची तयारी करते आहे. तिने विचारलं, "मावशी, मलाही मिळेल का?" नाही मिळणार. एफ-वन, एच-वन (नोकरीचा व्हिसा), एच-फोर, यांतल्या कुणालाच नाही. नागरिक, ग्रीन कार्डवाले, आणि निर्वासित म्हणून आलेल्यांसारखे काही थोडे. एच-फोरवरच्या अकरा वर्षांत मी याच दारावरून किती वेळा परत गेले असेन.

गेल्या रविवारी त्याच मैत्रिणीने माझ्या डायनिंग टेबलावर बसून स्वतःचा अर्ज भरायला घेतला. तिला नर्सिंगमध्ये मास्टर्स करायचं आहे. लॅपटॉप उघडायच्या आधी मी तिला सोशल सिक्युरिटीचं कार्ड काढायला लावलं आणि विचारलं, "यात तुझं पहिलं नाव एका शब्दाचं आहे की दोन?" तिला माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी फोन करायचं ठरवून आम्ही चहा टाकला.