वाढत्या उंदराचं फुप्फुस मोजताना: बंद पेटी की श्वासनळीतली नळी?

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या फुप्फुसात खरे वायुकोश जवळपास नसतातच. ते चौथ्या-पाचव्या दिवसापासून तयार होऊ लागतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने वाढतात. त्यामुळे तेच पिल्लू पुन्हा पुन्हा मोजता येणं फार मोलाचं.

होल-बॉडी प्लेथिस्मोग्राफीत ते शक्य होतं. पिल्लू बंद पेटीत मोकळं असतं. आत गेलेली हवा शरीरात तापते, दमट होते आणि पेटीतला दाब किंचित बदलतो. सेन्सर तोच टिपतो. भूल नको, जखम नको. श्वासाची गती छान कळते. मात्र यातून निघणाऱ्या ‘पेनएच’ या आकड्याला (तो दाबाच्या लहरीच्या आकारावरून काढतात) श्वासनलिकांचा रोध, म्हणजे हवेच्या वाटेतला अडथळा, समजणं मला चुकीचंच वाटतं. श्वासाची लय, तापमान, आर्द्रता यांपैकी काहीही बदललं की तो हलतो, आणि वाढत्या पिल्लाची लय तर वयागणिक बदलते.

फोर्स्ड ऑसिलेशन तंत्रात प्राण्याला भूल देऊन श्वासनळीत नळी घालतात. पिस्टन हवेच्या बारीक लहरी आत सोडतो. दाब आणि प्रवाहावरून श्वासनलिकांचा रोध आणि ऊतींचा ताठरपणा वेगवेगळे काढता येतात. माहिती अस्सल, पण गळ्याला छेद दिला तर प्राणी सहसा त्याच दिवशी संपतो. तोंडातून नळी घालून पुन्हा मोजता येतं, पण इवल्या पिल्लात ते फार अवघड.

मी दर आठवड्याला पेटी वापरेन, फक्त श्वासाच्या लयीसाठी. रोधाचा दावा करायचा असेल तर प्रत्येक वयाचा वेगळा गट आणि तुलनेला त्याच वयाची निरोगी पिल्लं हवीतच, कारण लहान फुप्फुसाचा रोध मुळातच जास्त असतो.