उतारावरच्या बागेत छोटा ट्रॅक्टर: अकरा महिने आणि ३१० तासांनंतर

आमची बाग राजापूर तालुक्यात, डोंगराच्या अंगावर. स्वतःची साडेचार एकर, शिवाय कराराने घेतलेल्या दोन बागा. खाली हापूस, वर काजू, मध्ये कातळ. सपाट जागा म्हणाल तर घरासमोरचं खळं तेवढं. गेल्या मेच्या अखेरीस २७ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर घेतला. एक पावसाळा, मोहोराचा अख्खा हंगाम आणि आता आंबा उतरवणी, इतकं सगळं त्याच्याबरोबर काढून हे लिहितो आहे.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तक्रार नाही. ताकद कुठेच कमी पडली नाही, डिझेल बेताचं लागतं, कलमांच्या दोन ओळींमधून तो सहज फिरतो. घेताना मी ‘चढतो का?’ हे दहा वेळा विचारलं. चढतो, मजेत चढतो. ‘कलंडतो का?’ हे विचारायचं सुचलं नाही आणि दुकानात कोणी आपणहून सांगितलंही नाही. बागेसाठी आपण सगळे अरुंद ट्रॅक्टर शोधतो आणि उतारावर तेच अरुंदपण जिवावर येतं.

सप्टेंबरात गवत कापताना ते कळलं. उताराला आडवा चालवत होतो. गवत कमरेइतकं, त्यात जुन्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, एक चिरा पडलेला होता, तो दिसला नाही. वरच्या बाजूचं मागचं चाक त्यावर चढलं. पहिल्यांदा जाणवलं ते सीटखाली. अंगाचा सगळा भार एका बाजूला सरकला, मग खालच्या टायरची कड फुगून आलेली दिसली. मागून गडी ओरडला, “भाऊ, चाक उचललं!” वरचं चाक हवेत नुसतं फिरत होतं. मी स्टिअरिंग उताराच्या दिशेला, खाली वळवलं आणि चाक परत टेकलं. वर वळवलं असतं तर ट्रॅक्टर उलटलाच असता. तो अर्धा क्षण अजूनही आठवतो.

त्या रात्री कागदावर हिशोब केला. माझ्या मागच्या चाकांमधलं अंतर तेव्हा ३० इंच होतं. वरच्या चाकाखाली ६ इंचांचा दगड आला की त्या रुंदीला ट्रॅक्टर साधारण ११ अंश जास्त कलतो. उतार मुळात १० अंशांचा असेल तर ट्रॅक्टरपुरता तो २१ अंशांचा झाला. खालचं चाक त्याच वेळी खळगीत गेलं तर आणखी भर. डोळ्यांनी पाहिलेला उतार आणि चाकांना लागलेला उतार यांत एवढा फरक असतो.

दुसरी गोष्ट गावातल्या मेकॅनिककाकांनी दाखवली. पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनेवर डोलतो. म्हणजे चार चाकं असली तरी कलताना सुरुवातीला ट्रॅक्टर तिपाईसारखा उभा असतो: मागची दोन चाकं आणि पुढे ती एक पिन. पुढची चाकं आडव्या उताराला जवळजवळ मदत करत नाहीत. म्हणून जे करायचं ते मागच्या चाकांवर करायचं.

ऑक्टोबरात पहिलं काम तेच केलं. मागची चाकं काढून डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावलं. रिमचा खोलगट भाग उलटा येतो, त्यामुळे अंतर ३० वरून ३६ इंच झालं आणि टायरच्या नक्षीची दिशाही बरोबर राहिली. नुसतं आहे त्याच बाजूला चाक उलटं बसवलं असतं तर नक्षी उलट फिरून पकड गेली असती. खर्च फक्त मजुरीचा. दोन ओळींमध्ये खालच्या फांद्यांची थोडी अडचण होते, ती मी पत्करली. नट मात्र पहिल्या दहा तासांनंतर पुन्हा आवळा, माझे दोन सैल निघाले.

मग टायरमध्ये पाणी भरलं. जॅकवर चाक उचलायचं, व्हॉल्व्ह अगदी वर आणायचा, आतली पिन काढायची आणि पाइप लावून पाणी व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरायचं. साधारण तीन चतुर्थांश टायर भरतो, वरच्या जागेत नेहमीसारखी हवा. मध्ये मध्ये पाइप काढून आतली हवा सोडावी लागते, नाहीतर पाणी आत जातच नाही. माझ्या प्रत्येक टायरला पन्नासेक लिटर लागलं, म्हणजे दोन्ही मिळून १०० किलो आणि तेही जमिनीलगत. कोकणात पाणी गोठत नाही, साधं विहिरीचं पाणी चालतं. तोटेही आहेत: रस्त्यावर ट्रॅक्टर जास्त आदळतो आणि पंक्चर झालं की दुकानदार वैतागतो. तरी मला विचाराल तर उतारावर याच्याएवढा स्वस्त आणि उपयोगी बदल दुसरा नाही.

फवारणीने सगळ्यात जास्त शिकवलं. मागे तीन पॉइंटवर, म्हणजे अवजारं उचलणाऱ्या तीन दांड्यांवर, ४०० लिटरची टाकी लावली होती. भरून चढ चढताना पुढची चाकं हलकी व्हायची, स्टिअरिंग फिरवलं तरी नाक वळायचं नाही. पुढे २० किलोची चार वजनं लावली, तेव्हा नाक बसलं. मग वाटलं, टाकी अर्धीच भरावी, भार कमी होईल. ती चूक होती. अर्ध्या टाकीतलं पाणी उताराच्या बाजूला धावतं आणि नेमक्या वळणावर धक्का देतं. भरलेल्या टाकीत ते जड असतं पण जागेवर असतं. आता २०० लिटरची, आत आडपडदे असलेली टाकी लावली आहे. ती काठोकाठ भरून सपाट पट्टीवर नेतो, ट्रॅक्टर तिथेच उभा करतो आणि लांब पाइप ओढून गडी झाडांना फवारतात. टाकी रिकामी झाली की मगच हलतो. फेऱ्या वाढल्या, पण अर्ध्या टाकीने उतारावर फिरणं बंद झालं.

उभा करतानाही एक लक्षात ठेवा. पीटीओवर, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, पंप चालू असतो तेव्हा गिअर न्यूट्रलमध्ये असतो, म्हणजे सगळा भार हँडब्रेकवर. आम्ही लाकडी पाचरी बनवून घेतल्या, त्या चाकांखाली गेल्याशिवाय कोणी फवारणीची गन हातात घेत नाही.

उतरताना फोर व्हील वरच, सपाटीवर असतानाच टाकायचा, लो रेंजमधला खालचा गिअर आधीच लावायचा, दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेले आणि क्लचला पाय नाही. मध्ये गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिनाचा धर सुटतो आणि मागे आंब्याच्या क्रेटची ट्रॉली ढकलायला तयारच असते. कोरडं गवत आणि काजूचा पातेरा (वाळका पाला) ओल्या मातीपेक्षा जास्त घसरतो, हे फेब्रुवारीत कळलं. आता वाटेवरचा पातेरा आधी झाडून घेतो, तो आळ्यात आच्छादनाला जातो.

डिझेल पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही. एकदा चढावर डिझेल मागे सरकलं, इंजिनाने एअर धरली, म्हणजे डिझेलऐवजी हवा ओढली, आणि बंद पडलं. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगही दगडासारखं जड. ब्रेकवर थांबलो, पण तसा प्रसंग कोणावर येऊ नये.

पडलेलं लाकूड ओढायचं तर साखळी फक्त ड्रॉबारला, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीला. वरच्या लिंकला किंवा सीटमागे कुठे बांधली आणि लाकूड अडलं, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो आणि सावरायला वेळच मिळत नाही. डोक्यावरची संरक्षक कमान कंपनीचीच घ्या आणि ती उभी असेल तेव्हा सीटबेल्ट लावा. फांद्यांसाठी कमान आडवी केली असेल तेव्हा बेल्ट लावू नका, कारण उलटलं तर बेल्ट तुम्हाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवेल. मी फांद्याच छाटून घेतल्या आणि कमान उभी ठेवतो.

उतार मोजायला यंत्र लागत नाही. दोन मीटरची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, गवंड्याची लेव्हल ठेवून पट्टी आडवी करा आणि खालच्या टोकाखालचं अंतर मोजा. ३५ सेंटिमीटर म्हणजे १० अंश, ५४ म्हणजे १५. आमच्या बागेत ३५ च्या वर मी आडवा चालवत नाही, फक्त सरळ वर-खाली. हा माझ्या ट्रॅक्टरचा, माझ्या मातीचा आकडा आहे. तुम्ही तुमचा मोजा आणि कमीच धरा. जेसीबीने काढलेल्या नव्या पट्ट्यांवर कडेपासून लांब राहा. भराव जितका उंच, निदान तितकं अंतर. पहिल्या पावसाळ्यात ती कड बसते.

पऱ्याच्या (ओढ्याच्या) वरचा काजूचा तुकडा मी मोजला, ६१ सेंटिमीटर निघाले. बाबा म्हणाले, “तिथं बैलसुद्धा कधी नेला नाही आपण.” तिथलं गवत या वर्षीही पाठीवरच्या ग्रासकटरनेच कापणार आहोत.